डावा पाय

दिवाळी अंकासाठी मोटारसायकलीच्या पुढच्या चिमट्यावर लिहितो आहे, असे मी सांगितले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. सुपातून नजर न काढता तिने विचारले, "त्यात लिहिण्यासारखं काय असतं?" चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचे प्रश्न सरळ असतात, उत्तरेच तेवढी सरळ देता येत नाहीत. मी म्हणालो, "तेल असतं." ती म्हणाली, "मग लिही."

फराळाच्या ताटाशेजारी वंगणाचा डबा आणून ठेवल्यासारखे हे होणार, याची मला कल्पना आहे. करंजीच्या पहिल्या घासाबरोबर ज्यांना 'ऑइल सील' हा शब्द सोसवणार नाही त्यांनी खुशाल पान उलटून पुढच्या गोष्टीकडे वळावे. माझा राग नाही. पण घरातली एखादी जुनी वस्तू, मग ते शिवणयंत्र असो की भिंतीवरचे घड्याळ, दुरुस्तीसाठी म्हणून उघडावी आणि आत भलतेच काही हाती लागावे, असा अनुभव पुष्कळांच्या पदरी असेल. त्यांनी थोडे थांबावे.

गाडी १९६१ सालची. बुलेट, साडेतीनशे सी.सी.ची. इंग्लंडातल्या रेडिच गावच्या रॉयल एन्फील्ड कंपनीने मद्रासच्या मंडळींशी भागीदारी केली आणि १९५५ पासून ही गाडी मद्रासला तयार होऊ लागली. आपल्या लष्कराने ती पसंत केली होती, हे त्यामागचे मोठे कारण. पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला आणि मद्रासचा चालू राहिला. माहेर मोडले आणि सासर नांदते राहिले, अशातला हा प्रकार. आमच्या वडिलांनी १९७१ साली नागपुरात जुनी म्हणून ती विकत घेतली, तेव्हाच ती दहा वर्षांची होती. हल्ली अशा गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणतात आणि त्यांच्यामागे हौशी लोक पैशाच्या थैल्या घेऊन हिंडतात. वडिलांच्या लेखी ती फक्त जुनी होती, आणि जुनी असल्यामुळे परवडली होती.

वडील गोंडपिपरीच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. गावोगावची माणसे त्यांना ढोरडॉक्टर म्हणत. त्यांना त्याचे कधी वाईट वाटले नाही. उलट, माणसांचा डॉक्टर नव्हे हे आधीच कळलेले बरे, असे ते म्हणत. चांद्याहून बल्लारपूर, कोठारी करीत गोंडपिपरीवरून आष्टीकडे आणि पुढे आलापल्लीच्या सागवानाकडे जाणारी सडक तेवढी सडक होती. (चांद्याचे चंद्रपूर होऊन कितीतरी वर्षे झाली, आमच्या घरात अजून चांदाच म्हणतात.) सडक सोडली की खाचरांच्या चाकोऱ्या, धानाचे बांध, नाले, आणि पावसाळ्यात चाकाला पोळीसारखा चिकटणारा चिखल. गाय अडली, बैलाच्या पायात खुंट शिरला, म्हैस पान्हा चोरते आहे, अशी बोलावणी यायची आणि वडील चामड्याची बॅग टाकीवर बांधून निघायचे. अशा वाटांवर इंजिनापेक्षा पुढचे चाक धरणारे दोन पाय महत्त्वाचे. इंजिन बंद पडले तर माणूस अडतो. पुढचे चाक भलतीकडे गेले तर माणूस पडतो.

या दोन पायांना सायकलवाले चिमटा म्हणतात, मेकॅनिक शॉकअप म्हणतात आणि पुस्तकात फोर्क असे लिहिलेले असते. वडील पायच म्हणत. डावा पाय, उजवा पाय. प्रत्येक पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. वरची पोलादाची, क्रोम चढवलेली, आरशासारखी गुळगुळीत. खालची ॲल्युमिनियमची, जाड, चाकाचा आस धरून ठेवणारी. आत एक लांब स्प्रिंग आणि सुमारे २०० मिलिलिटर तेल. म्हणजे पाहुण्याला देतो तसे दोन कप चहा.

चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. एवढ्यावर भागले असते तर तेलाचे काम नव्हते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा, की जे घेतले ते लगेच आणि सगळेच्या सगळे परत करायचे. खड्डा मागे पडला तरी ती उसळतच राहते, आणि चाक जमिनीवर टेकण्याऐवजी नाचू लागते. तेल आडवे येते ते इथे. पाय दबताना, आणि विशेषतः पुन्हा वर येताना, तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते. त्या धडपडीत उसळीचा जोर जिरतो, त्याची ऊब होते, आणि चाक समजूत घातलेल्या मुलासारखे हळूच जागेवर येते. हँडल दोन्ही हातांनी दाबून सोडावे: पाय चटकन खाली जाऊन रमतगमत वर आला तर तेल शाबूत आहे, ताडकन वर आला तर तेल गेले. ही परीक्षा मला वयाच्या दहाव्या वर्षापासून येते.

ही युक्ती फार जुनी नाही. पूर्वीच्या मोटारसायकलींचे पुढचे चाक लोखंडी चौकटीवर आणि उघड्या स्प्रिंगवर टांगलेले असे, आणि उसळी थोपवायला एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या असत. आत तेल कोंडून उसळी जिरवणारे नळीचे पाय कारखान्यातून विक्रीला निघणाऱ्या गाडीवर प्रथम आणले ते जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने, १९३५ साली. महायुद्धानंतर इंग्रज कारखान्यांनीही ते उचलले. म्हणजे आमच्या वडिलांचे आणि या पायांचे वय जवळजवळ एकच.

तेल पायातच राहावे म्हणून खालच्या नळीच्या तोंडाशी एक रबरी कडे बसवलेले असते. तेच ऑइल सील. त्याची पातळ कड ओठासारखी वरच्या नळीला चिकटून असते. नळी सरकते, तेल पुसले जाते आणि आतच राहते. नळी गुळगुळीत आहे तोवर हा ओठ वर्षानुवर्षे टिकतो. नळीवर एवढासा खरखरीतपणा आला की तो कापला जातो आणि पाय रडू लागतो.

आमचा डावा पाय रडत होता.

वडील २००४ साली गेले. त्यानंतर गाडी पडवीत तरटाखाली अठरा वर्षे उभी होती. मी नागपूरच्या बँकेतून निवृत्त होऊन २०२२ मध्ये आईजवळ राहायला आलो, आणि रिकामपणाचा उद्योग म्हणून तरट काढले. इंजिनाने फारसा छळ केला नाही. जुने पेट्रोल काढणे, कार्बोरेटर धुणे, नवी बॅटरी, आणि पायात पेटके येईपर्यंत मारलेल्या किका. चौथ्या दिवशी गाडी बोलली. आई आतून म्हणाली, "आले वाटतं," आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

डाव्या पायाचे सील मात्र महिन्याभरात गेले. आष्टी रस्त्यावर कडुनिंबाखाली ज्याचे दुकान आहे त्या मिस्त्रीला मी घरीच बोलावले. पस्तिशीचा, अबोल माणूस. त्याने चाक काढले, मडगार्ड उतरवला, पायाच्या तळाचा नट सोडला. नट सुटताच जुने तेल खालच्या घमेल्यात आले: काळे, चिकट आणि बोंबलाला लाजवील अशा वासाचे. मग नळीच्या तोंडावरचे आट्यांचे झाकण फिरवून काढले आणि खालची नळी ओढून घेतली. नवे सील बसवताना त्याने थेट हातोडा मारला नाही. सीलला तेलाचा हात लावला, जुने सील त्याच्यावर पालथे ठेवले, त्यावर लाकडाचा ठोकळा, आणि मग चारी बाजूंनी हलके ठोके. अशी माणसे मला आवडतात. मरणाऱ्याचा उपयोग येणाऱ्याला जागा करून देण्यासाठी करायचा, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

दुसरे सीलही दोन महिन्यांत गेले. फरशीवर पुन्हा रुपयाएवढा डाग. तिसऱ्या वेळी, गेल्या वर्षीच्या नवरात्रात, मिस्त्री पाय उघडून नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "काका, सीलचा दोष नाही जी. सीलले कापनारं काही तरी वरतं हाये. पाइप काढा लागते."

एरवी मी ते पुढे ढकलले असते. पण दिवाळीला पुण्याहून मुलगी येणार होती. ती तिकडे नवी बुलेट चालवते, आणि आजोबांच्या गाडीवर बसून आष्टीच्या पुलापर्यंत जायचे, असे तिने सहा महिने आधीच जाहीर करून ठेवले होते. मागे नव्हे, पुढे बसून. आई म्हणाली होती, "मला तर तुझ्या आजोबांनी बाजारापलीकडे कधी नेलं नाही. जा बाई तू."

वरचे बोल्ट सैल करून मिस्त्रीने पाइप फिरवत फिरवत खाली उतरवला, चिंधीने पुसला आणि डोळे मिटून त्याच्यावर अंगठ्याचे नख फिरवले. एका ठिकाणी नख अडले. गाडीवर असताना पत्र्याच्या आवरणाखाली झाकलेला भाग तो, दोन्ही पाय एकत्र धरणाऱ्या खालच्या आडव्या तुकड्याच्या लगेच खालचा. तिथे अर्ध्या वेढ्यापुरता क्रोम बारीक तडकला होता आणि तडांतून गंज फुटला होता. कल्हई उडालेल्या पातेल्याला येतो तसा. एरवी सील एवढे वर चढत नाही. मोठ्या खड्ड्यात पाय पुरता दबला की चढते, आणि तेवढ्यात कापले जाते.

"एकाच बाजूनं कसा गंजला?" मी विचारले.

मिस्त्रीने उत्तर दिले नाही. "काच हाये का जी घरी? सपाट, मोठी."

काच होती. वडिलांच्या टेबलावर अजून आहे. तिच्याखाली त्यांच्या हातचा, आता पिवळा पडलेला एक कागद आहे: गाय २८० दिवस, म्हैस ३१० दिवस, शेळी १५० दिवस. शेतकरी येऊन विचारायचे, डॉक्टर, कधी व्यायेल? आणि वडील पंचांग आणि हा कागद दोन्ही बघून तिथी सांगायचे. त्या काचेवर मिस्त्रीने आधी उजव्या पायाचा पाइप ठेवला, खिडकीकडे तोंड करून डोळा काचेच्या पातळीला आणला, आणि पाइप लोळवला. पाइप आणि काच यांच्यामधून उजेडाची रेघ कुठेच दिसली नाही. मग डावा ठेवला. लोळवताना दर फेऱ्याला मध्येच एक बारीक उजेड उघडायचा आणि मिटायचा, उघडायचा आणि मिटायचा. मिस्त्रीने वर्तमानपत्राचा तुकडा दुमडून त्या फटीत घातला. दोन घड्या गेल्या, तिसरी अडली.

"हा पाइप वाकला होता," तो म्हणाला. "मंग कोनी तरी सीधा केला हाये. चांगल्या हातानं केला, पन केला हाये. वाकला तवाच क्रोम तडकला असंल. हे पाहा."

पाइपच्या वरच्या टोकाला, जिथे सील कधीच पोचत नाही अशा जागी, पंचाने मारलेले तीन ठिपके होते. एका ओळीत, तांदळाच्या कणीएवढे. गंज होता त्याच बाजूला.

"वाकल्या बाजूची खून. पुढं कोनी खोललं तं समजावं म्हनून." त्याने माझ्याकडे पाहिले. "कवाचं हाये, तुमाले मालूम असंल."

वाकला कधी, ते मला मालूम होते. सरळ कधी झाला, ते त्या क्षणापर्यंत मालूम नव्हते.

सन १९७९. मी सतरा वर्षांचा. आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक होते, आजही होते. मांडवाच्या चारी बाजूंनी खाचरे सोडलेली, बैल रवंथ करीत बसलेले, आणि पडदा दहाला उघडायचा तो बाराला उघडतो आणि उजाडता पडतो. त्या दिवशी वडील बैठकीसाठी एस.टी.ने चांद्याला गेले होते, ते दुसऱ्या दिवशी यायचे होते. नदीकाठच्या एका गावी मंडई होती. किल्ली खुंटीला होती. मला गाडी चालवता येत होती, परवानगी तेवढी नव्हती. आई निजल्यावर मी गाडी ढकलत वेशीपर्यंत नेली आणि तिथे किक मारली.

नाटक काय होते, ते आठवत नाही. सारा वेळ मी मांडवात बसून बाहेर उभ्या गाडीचा विचार करीत होतो. तिसऱ्या अंकाआधीच उठलो. परतीच्या वाटेवर एक नाला लागतो. त्यावर तेव्हा दगडी रपटा होता, आणि पावसाळ्याच्या पुराने त्याची एक कड खाऊन टाकली होती. जाताना चांदण्यात ती दिसली होती. येताना चंद्र मावळला होता आणि दिवा मिणमिणत होता. पुढचे चाक त्या खाचेत गेले. एक जाड, बुटका आवाज झाला. तो मला अजून ऐकू येतो. मी हँडलवरून पुढे गेलो आणि गाडी डाव्या अंगावर पडली.

गुडघा सोलवटला होता. गाडी सुरू झाली, हे नवल. हँडल मात्र सरळ धरले की गाडी थोडी डावीकडे जाई, आणि गाडी सरळ न्यायची तर हँडल थोडे उजवीकडे धरावे लागे. विहिरीवर नेऊन चिखल धुतला, चिंधीने कोरडी केली, होती तशीच, होती त्याच कोनात पडवीत उभी केली. चाकाच्या मागच्या खुणासुद्धा केरसुणीने झाडल्या. सकाळी आईने गुडघा पाहिला तेव्हा जिन्यावरून पडलो म्हणून सांगितले.

वडील दहाच्या गाडीने आले. बॅग ठेवतात न ठेवतात तोच कुणाची तरी गाय अडल्याचे बोलावणे आले. मी पुस्तक उघडून बसलो होतो. पुस्तकाच्या वरून मला पडवी दिसत होती. ते गाडी घेऊन गेले आणि दुपारी कलल्यावर परत आले. वासरू जिवंत निघाले, असे त्यांनी आईला सांगितले. मला गणिताचे विचारले. जेवले, निजले. दुसऱ्या दिवशीही काही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या रविवारी, "पुढचं तेल बदलून आणतो," म्हणून बल्लारपूरला गेले. कागदाच्या गिरणीमुळे आणि लाकडाच्या धंद्यामुळे लेथ, प्रेस असले कामकाज तिकडेच असे. रात्री आले. हाताला तेलाचा वास होता. येताना माझ्यासाठी भूमितीची कंपासपेटी आणली होती, जुनीची कर्कटक हरवली होती म्हणून. गाडी त्यानंतर सरळ चालू लागली. आणि मी, विज्ञानाचा विद्यार्थी, असे समजलो की तेल बदलल्याने असे होत असावे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लंगडणारा बैल कसा तपासावा, हे वडिलांनी मला लहानपणीच दाखवले होते. पायाकडे बघायचे नाही, मानेकडे बघायचे. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताना बैल मान वर उचलतो. मग जवळ जाऊन हात लावायचा, तोही आधी चांगल्या पायाला. खांद्यापासून खुरापर्यंत तळवा फिरवायचा, ऊब बघायची, सूज बघायची, आणि मग दुखऱ्या पायाला. "चांगला पाय माहीत नसेल तर दुखऱ्यात काय वेगळं आहे ते कळणार कसं?" असे ते म्हणत. जनावर सांगत नाही म्हणून त्याला विचारण्यात वेळ घालवायचा नाही. हा माणूस डाव्या पायात वाकलेली गाडी घेऊन अडलेल्या गायीकडे गेला, आला, आणि त्याला काही कळले नाही, अशी माझी पंचेचाळीस वर्षे समजूत होती. मी बँकेत हिशेब तपासायचे काम केले, लोकांच्या खात्यातली पैशाची चूक शोधून काढली, आणि हा हिशेब एकदाही जुळवून पाहिला नाही.

आणखी एक आठवले. पुढच्या वर्षी त्यांनी आपण होऊन मला किल्ली दिली. म्हणाले, "रपट्यावर पहिल्या गिअरात घाल." रपटे आमच्याकडे वाटेवाटेवर आहेत. मी म्हणालो, बरं.

नवा पाइप घेणे तेव्हा त्यांना परवडले नसेल. त्याच वर्षी जूनमध्ये मी नागपूरला कॉलेजात गेलो आणि वसतिगृहात राहिलो. किती पैसे दरमहा यायचे ते मला पाठ आहे. त्या सरळ केलेल्या पाइपवर वडील निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पुढची तेरा वर्षे, रात्रीबेरात्री हिंडले.

मिस्त्री गेल्यावर मी स्वयंपाकघरात आलो. आई पाटावर बसून लसूण सोलत होती.

"बाबांना माहीत होतं?" मी विचारले.

"काय?"

"एकदा मंडईच्या रात्री मी गाडी नेली होती."

आईने हातातली पाकळी सोलून पुरी केली. "त्या दिवशी ते गायीकडून आले, हात धुतले, आणि मला म्हणाले, पोराच्या अंगाला आणखी कुठं लागलं आहे का बघून घे. विचारू नको, नुसतं बघ."

"मग?"

"मग काय? तू आंघोळीला बसलास तेव्हा पाठीवर पाणी घालायच्या निमित्तानं बघितलं. गुडघ्यापलीकडे काही नव्हतं, तसं त्यांना सांगितलं." ती थांबली. "जिन्यावरून पडलो म्हणालास. आपल्या घराला जिना आहे का रे?"

आमचे घर कौलारू, एकमजली. जिना नाही. कधीच नव्हता.

"मला कधी बोलले का नाहीत?"

"मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "तू बोललास का?"

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गेलो तो भलताच विचार घेऊन. पाइप तोच ठेवू, क्रोम नवा चढवून घेऊ, नागपूरला करतात. गाडी मी हळूच चालवतो, माझ्यापुरता पुरेल. मिस्त्रीने ऐकून घेतले. म्हणाला, "क्रोम चढंल जी. पन एकदा वाकला पाइप, पुन्हा धक्का बसला का त्याच जाग्यावर वाकते. नाही तं तुटते." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बेटी चालवनार हाये ना?"

दोन्ही पाइप नवे मागवले. एकच बदलणे बरोबर नव्हते. एक पाय नवा आणि एक झिजलेला असला की दोघांचे चालणे जुळत नाही. एस.टी.च्या पार्सलने ते नागपूरहून आले, बरोबर सील, वायसर आणि तेल. मिस्त्री बाटलीतून अंदाजाने तेल ओतू लागला, तेव्हा मी त्याला थांबवले. वडिलांच्या बॅगेत जनावरांची मोठी पिचकारी आहे, ५० मिलिलिटरची. ती आणली, धुतली, वाळवली. डाव्या पायात चार, उजव्या पायात चार. मिस्त्री हसला, पण पुढे त्याने स्वतःच पिचकारी हातात घेतली. चाक बसवल्यावर आसाचे नट त्याने लगेच आवळले नाहीत; आधी गाडी पुढे ओढून हँडल चार-पाच वेळा खाली दाबले, दोन्ही पायांनी आपापली जागा घेतली, आणि मग आवळले. ही चार-पाच दाबणी जो विसरतो त्याचे नवे सीलही तिरके झिजते. आमच्या गावातल्या निम्म्या गाड्या त्यापायीच गळत असाव्यात, असा माझा संशय आहे.

शेवटी मी हँडल दाबून सोडले. पाय खाली गेले आणि रमतगमत वर आले.

जुना डावा पाइप मिस्त्री भंगारात नेणार होता. आईने नको म्हटले. तो आता परसात वालाच्या वेलाला रोवलेला आहे, ठिपक्यांची बाजू वर. वेलाने अजून ते झाकलेले नाहीत.

मुलगी वसुबारसेला आली. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तिने हेल्मेट घातले, आजीच्या पाया पडली आणि गाडी काढली. वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन येते म्हणाली, दीड-दोन तासांत. मी रपट्याचे सांगायला तोंड उघडले. पण सडकेवर आता रपटे कुठे आहेत? मग काहीच सांगितले नाही. बुलेटचा आवाज बाजाराच्या वळणापर्यंत ऐकू आला आणि मग गावच्या आवाजात मिसळला.

तिला चार तास लागले. आली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, तोंडावर धूळ होती आणि फार भूक लागली होती. पुलावर खूप वेळ बसले म्हणाली, नदी मोठी आहे म्हणाली. आजीने तिला लगेच पानावर बसवले, आणि आतून दोघींचे हसणे ऐकू येऊ लागले.

मी पडवीत आलो. गाडी गरम होती, इंजिन निवताना टिकटिक करीत होते. दिवा लावला नाही. खाली बसलो, आणि आधी उजव्या पायावरून तळवा फिरवला, वरपासून आसापर्यंत, मग डाव्या. कोरडे होते.